मार्ग-पुनर्वितरणातील गुणधर्मांचे जतन

संगणकजाळ्यांमध्ये एका मार्गनिर्धारण प्रोटोकॉलने शिकलेले मार्ग दुसऱ्या मार्गनिर्धारण प्रोटोकॉलमध्ये दाखल करण्याच्या क्रियेस मार्ग-पुनर्वितरण किंवा राउट रिडिस्ट्रिब्यूशन असे म्हणतात. प्रत्येक मार्गासोबत त्याचे मेट्रिक, उगम, प्रकार, टॅग, त्याने ओलांडलेल्या जाळ्यांची यादी अशी काही माहिती असते. या माहितीला मार्गाचे गुणधर्म म्हणतात. पुनर्वितरण करताना गंतव्य जाळ्याचा पत्ता नव्या प्रोटोकॉलमध्ये जातो. गुणधर्म मात्र बहुधा मागेच राहतात. ते हरवल्यास मार्ग कोठून आला हे पुढील राउटरांना कळत नाही आणि त्यातून लांबचे मार्ग निवडले जाणे, माहितीची पाकिटे चक्राकार फिरत राहणे, क्वचित मोठे जाळे ठप्प होणे असे परिणाम संभवतात. हे टाळण्यासाठी गुणधर्म पूर्णतः अथवा अंशतः पलीकडे पोहोचविण्याच्या अनेक पद्धती विकसित झाल्या आहेत.

पार्श्वभूमी

राउटर आपल्या मार्ग-तक्त्याच्या आधारे आलेले पाकीट कोणत्या दिशेने पाठवायचे हे ठरवितो. हा तक्ता भरण्याचे काम मार्गनिर्धारण प्रोटोकॉल करतात. एकाच व्यवस्थापनाखालील जाळ्यात, म्हणजे एका स्वायत्त प्रणालीच्या आत, आरआयपी, ओएसपीएफ, आयएस-आयएस आणि ईआयजीआरपी हे अंतर्गत प्रोटोकॉल वापरले जातात. स्वायत्त प्रणालींच्या दरम्यान बीजीपी हा बाह्य प्रोटोकॉल वापरला जातो. त्याची सध्याची चौथी आवृत्ती २००६ सालच्या आरएफसी ४२७१ या दस्तऐवजात वर्णिलेली आहे.

संपूर्ण जाळ्यात एकच प्रोटोकॉल असेल तर पुनर्वितरणाची गरज पडत नाही. प्रत्यक्षात तसे क्वचितच असते. दोन संस्थांचे विलीनीकरण झाल्यावर त्यांची भिन्न प्रोटोकॉलांवर चालणारी जाळी जोडावी लागतात. एका प्रोटोकॉलवरून दुसऱ्यावर स्थलांतर करताना काही काळ दोन्ही सोबत चालवावे लागतात. जुनी उपकरणे नवा प्रोटोकॉल जाणत नाहीत. सेवापुरवठादाराकडून आलेले बीजीपी मार्ग आतल्या जाळ्याला कळवायचे असतात. अशा प्रत्येक ठिकाणी दोन्ही प्रोटोकॉल चालविणारा एक सीमावर्ती राउटर असतो आणि तोच पुनर्वितरण करतो. २००४ व २००७ या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत प्रत्यक्षातील जाळ्यांच्या रचनेचा अभ्यास करण्यात आला. पुनर्वितरण ही अपवादात्मक नव्हे, तर नित्याची बाब आहे आणि तिच्यामुळे कायमस्वरूपी चक्रे व अस्थिरता निर्माण होऊ शकते, असे त्यांतून दिसून आले.

निरनिराळ्या प्रोटोकॉलांतील गुणधर्म

प्रत्येक प्रोटोकॉलने मार्गाचे वर्णन करण्याची स्वतःची पद्धत ठरविलेली आहे.

आरआयपी: मेट्रिक म्हणजे वाटेतील टप्प्यांची संख्या. कमाल मूल्य १५ असून १६ म्हणजे अनंत, अर्थात पोहोचता न येणारे जाळे. पहिल्या आवृत्तीत टॅग नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत १६ बिटांचा टॅग आला.

ओएसपीएफ: मेट्रिकला खर्च म्हणतात व तो सामान्यतः दुव्याच्या क्षमतेवरून ठरतो. मार्गांचे चार प्रकार असून त्यांचा अग्रक्रम ठरलेला आहे: क्षेत्रांतर्गत, आंतरक्षेत्रीय, बाह्य प्रकार १ आणि बाह्य प्रकार २. बाह्य मार्गासोबत ३२ बिटांचा टॅग असतो. स्वतः ओएसपीएफ हा टॅग वापरत नाही. सीमावर्ती राउटरांना परस्परांस माहिती कळविता यावी यासाठीच तो आहे.

आयएस-आयएस: जुन्या पद्धतीत एका दुव्याचे मेट्रिक ६ बिटांचे, म्हणजे कमाल ६३ होते. नव्या, रुंद पद्धतीत ते २४ बिटांचे आहे. २००८ सालच्या आरएफसी ५१३० ने ३२ व ६४ बिटांचे प्रशासकीय टॅग उपलब्ध करून दिले.

ईआयजीआरपी: बँडविड्थ, विलंब, विश्वासार्हता व भार यांवरून संमिश्र मेट्रिक काढले जाते, नेहमीच्या मांडणीत पहिल्या दोहोंचाच उपयोग होतो. बाह्य मार्गासोबत मूळ प्रोटोकॉलची ओळख, मूळ मेट्रिक, मार्ग आणणाऱ्या राउटरचा क्रमांक आणि ३२ बिटांचा टॅग पुढे पाठविला जातो. त्यामुळे पूर्वेतिहास जपण्याच्या बाबतीत हा अंतर्गत प्रोटोकॉल इतरांहून सरस ठरतो.

बीजीपी: यात एकच मेट्रिक नसून अनेक पथगुणधर्म असतात. मार्गाने ओलांडलेल्या स्वायत्त प्रणालींची यादी म्हणजे एएस-पाथ. मार्ग कसा दाखल झाला हे ओरिजिन सांगतो. याखेरीज नेक्स्ट-हॉप, लोकल प्रेफरन्स, मल्टी-एक्झिट डिस्क्रिमिनेटर अर्थात मेड, आणि मार्गावर चिकटविलेल्या खुणा म्हणजे कम्युनिटी हे प्रमुख गुणधर्म होत.

गुणधर्म हरवण्याची कारणे

पहिले कारण मापनपद्धतींतील विसंगती हे होय. आरआयपीचे ५ टप्पे म्हणजे ओएसपीएफचा किती खर्च, या प्रश्नाला गणिती उत्तर नाही. टप्प्यांच्या मोजणीत वेगवान व मंद दुवा समान धरला जातो, तर खर्चाच्या मोजणीत तसे नसते. म्हणून पुनर्वितरणाच्या वेळी जुने मेट्रिक टाकून नवे, प्रशासकाने ठरविलेले मेट्रिक दिले जाते. त्यास बीज-मेट्रिक असे म्हणतात. सिस्कोच्या राउटरांत ओएसपीएफमध्ये येणाऱ्या मार्गांना सामान्यतः २० व बीजीपीतून आलेल्यांना १ असे बीज-मेट्रिक आपोआप मिळते. आरआयपी व ईआयजीआरपीमध्ये प्रशासकाने मूल्य न दिल्यास अन्य प्रोटोकॉलचे मार्ग अनंत अंतरावरचे समजले जातात आणि पुढे जाहीरच होत नाहीत.

दुसरे कारण म्हणजे जागेचा अभाव. बीजीपीची एएस-पाथ यादी कितीही लांब असू शकते; ओएसपीएफच्या बाह्य मार्गात तिच्यासाठी रकानाच नाही. ३२ बिटांच्या टॅगमध्ये जेवढे मावेल तेवढेच पलीकडे जाते.

तिसरे कारण पुनर्वितरणाच्या यंत्रणेतच आहे. बहुतेक राउटरांत दोन प्रोटोकॉल परस्परांशी थेट बोलत नाहीत. पहिला प्रोटोकॉल आपला सर्वोत्तम मार्ग सामायिक मार्ग-तक्त्यात ठेवतो आणि दुसरा तो तेथून उचलतो. तक्त्यात पत्ता, पुढील टप्पा, मेट्रिक, टॅग एवढीच सर्वसाधारण माहिती असल्यास उर्वरित गुणधर्म तेथेच गळून पडतात. शिवाय तक्त्यात जो मार्ग निवडला गेला नाही त्याचे पुनर्वितरणही होत नाही.

एकाच गंतव्यासाठी दोन प्रोटोकॉलांनी मार्ग दिल्यास राउटर प्रशासकीय अंतर या मूल्यावरून निवड करतो. कमी मूल्य श्रेष्ठ मानले जाते. सिस्कोच्या राउटरांत बाह्य बीजीपीसाठी २०, ईआयजीआरपीच्या अंतर्गत मार्गांसाठी ९०, ओएसपीएफसाठी ११०, आयएस-आयएससाठी ११५, आरआयपीसाठी १२०, ईआयजीआरपीच्या बाह्य मार्गांसाठी १७० आणि अंतर्गत बीजीपीसाठी २०० ही मूल्ये आहेत. जुनिपरच्या राउटरांत ही मूल्ये निराळी आहेत. तेथे ओएसपीएफच्या अंतर्गत मार्गांसाठी १०, बाह्य मार्गांसाठी १५० व बीजीपीसाठी १७० धरले जातात. हे मूल्य केवळ त्या राउटरपुरते असते. ते कोणत्याही प्रोटोकॉलमधून शेजाऱ्याला कळविले जात नाही.

परिणाम

चक्राकार मार्ग

एका जाळ्याचा अर्धा भाग आरआयपीवर व अर्धा ओएसपीएफवर चालतो आणि क व ख हे दोन सीमावर्ती राउटर दोन्ही दिशांनी पुनर्वितरण करतात, असे समजू. आरआयपी भागात क व ख यांच्या दरम्यान म हा एकच राउटर आहे. १९२.०.२.०/२४ हे जाळे आरआयपी भागात असून ते क पासून ५ टप्प्यांवर आहे.

क हा मार्ग ओएसपीएफमध्ये दाखल करतो. ख ला तोच मार्ग दोन्हींकडून कळतो: आरआयपीकडून १२० या प्रशासकीय अंतराने आणि ओएसपीएफकडून ११० ने. ख ओएसपीएफचा मार्ग निवडतो. आता ख च्या तक्त्यात हा ओएसपीएफचा मार्ग असल्याने तो त्याचे आरआयपीमध्ये उलट पुनर्वितरण करतो व बीज-मेट्रिक १ देतो. म ला हा मार्ग २ टप्प्यांचा, तर क ला म मार्फत ३ टप्प्यांचा दिसतो. खऱ्या ५ टप्प्यांपेक्षा ३ कमी असल्याने क आपला मार्ग बदलतो. परिणामी पाकीट क कडून म कडे, म कडून ख कडे आणि ख कडून ओएसपीएफमार्गे पुन्हा क कडे जाते. पाकिटाचे आयुर्मान संपेपर्यंत ते फिरत राहते व गंतव्यास कधीच पोहोचत नाही. मूळ जाळे बंद पडले तरी क व ख एकमेकांच्या सांगण्यावरून तो मार्ग जिवंत ठेवतात.

येथे कोणताही प्रोटोकॉल चुकीचे वागलेला नाही. मार्ग मुळात आरआयपीचाच होता आणि त्याचे खरे अंतर ५ होते, या दोन गोष्टी सीमा ओलांडताना पुसल्या गेल्या एवढेच घडले.

पथाची माहिती पुसली जाणे

बीजीपीमध्ये चक्र टाळण्याचा मूलाधार एएस-पाथ आहे. यादीत स्वतःचा क्रमांक दिसल्यास राउटर तो मार्ग नाकारतो. बीजीपीचे मार्ग एखाद्या अंतर्गत प्रोटोकॉलमध्ये आणि तेथून पुन्हा बीजीपीमध्ये दाखल केल्यास जुनी यादी नाहीशी होते आणि मधली स्वायत्त प्रणालीच त्या सर्व जाळ्यांचे उगमस्थान भासते.

पथाची माहिती पुसली गेल्यास काय होते याचे बहुचर्चित उदाहरण २५ एप्रिल १९९७ रोजी घडले. ७००७ क्रमांकाच्या स्वायत्त प्रणालीतील एका राउटरने इंटरनेटच्या मार्ग-तक्त्याचा मोठा भाग /२४ अशा लहान तुकड्यांत जाहीर केला. त्या मार्गांचा पूर्वीचा पथ पुसला जाऊन ७००७ हाच उगम दिसत होता. लहान तुकडा हा अधिक नेमका मार्ग असल्याने अन्य राउटरांनी त्याला प्राधान्य दिले. वाहतूक त्या एका जाळ्याकडे लोटली आणि इंटरनेटचा मोठा भाग विस्कळीत झाला.

जतनाच्या पद्धती

टॅगद्वारे उगमाची नोंद

सर्वांत सोपी व सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे टॅग. वरील उदाहरणात क व ख हे दोघेही आरआयपीकडून ओएसपीएफकडे जाणाऱ्या प्रत्येक मार्गावर १२० असा टॅग लावतात आणि ओएसपीएफकडून आरआयपीकडे जाताना हा टॅग असलेला मार्ग अडवितात. मार्ग जेथून आला तेथे परत जात नाही, त्यामुळे चक्र तयार होत नाही. टॅगच्या संख्येला स्वतःचा असा अर्थ नसतो. ती कशासाठी आहे हे सर्व सीमावर्ती राउटरांवर सारखेच ठरलेले असले म्हणजे पुरे.

टॅगमुळे चक्र टळले तरी ख हा आरआयपीतील जाळ्याकडे ओएसपीएफच्या आडवाटेने जातच राहतो. ते टाळण्यासाठी ख वर अशा बाह्य मार्गांचे प्रशासकीय अंतर १२० पेक्षा अधिक ठेवावे लागते.

मेट्रिक व प्रकार यांची निवड

मूळ मेट्रिक जसेच्या तसे नेता येत नसले तरी मार्गांमधील तुलना टिकविता येते. जवळच्या जाळ्यांना लहान व दूरच्यांना मोठे बीज-मेट्रिक दिल्यास त्यांचा क्रम कायम राहतो. ओएसपीएफमध्ये बाह्य प्रकार १ निवडल्यास बीज-मेट्रिकमध्ये अंतर्गत खर्च मिळविला जातो, त्यामुळे प्रत्येक राउटर आपल्याला जवळचा सीमावर्ती राउटर निवडू शकतो. बाह्य प्रकार २ मध्ये बीज-मेट्रिक सर्वत्र सारखेच राहते आणि अंतर्गत खर्चाचा विचार ते समान असल्यासच होतो. बीजीपीमध्ये मार्ग दाखल करताना अंतर्गत प्रोटोकॉलचे मेट्रिक मेड या गुणधर्मात नोंदविण्याची प्रथा आहे. अशा मार्गाचा ओरिजिन सामान्यतः अपूर्ण असा नोंदविला जातो व निवडीच्या क्रमात त्याचे स्थान सर्वांत खालचे असते.

बीजीपी व ओएसपीएफ यांतील टॅगची रचना

डिसेंबर १९९४ मधील आरएफसी १७४५ ने ओएसपीएफच्या ३२ बिटांच्या टॅगमध्ये बीजीपीची माहिती कशी बसवावी हे ठरवून दिले. पहिला बिट टॅग आपोआप तयार झाला आहे काय हे सांगतो. दुसरा बिट पथाची माहिती पूर्ण आहे काय हे सांगतो. पुढील २ बिट पथाची लांबी शून्य, एक की त्याहून अधिक हे दर्शवितात. त्यानंतरचे १२ बिट प्रशासकाच्या वापरासाठी असून शेवटच्या १६ बिटांत शेजारील स्वायत्त प्रणालीचा क्रमांक असतो. संपूर्ण पथ नव्हे, तर त्याचा सारांश जपण्याचा हा प्रयत्न होता.

अंतर्गत बीजीपी

मोठ्या जाळ्यांत पुनर्वितरण टाळणे हीच जतनाची उत्तम पद्धत मानली जाते. सीमावर्ती राउटर परस्परांत अंतर्गत बीजीपी चालवितात. त्यामुळे एएस-पाथ, लोकल प्रेफरन्स व कम्युनिटी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत अबाधित जातात. अंतर्गत प्रोटोकॉलकडे केवळ राउटरांच्या स्वतःच्या पत्त्यांपर्यंत पोहोचण्याचे काम उरते. इंटरनेटच्या मार्ग-तक्त्यात आयपीव्ही४ चे नऊ लाखांहून अधिक मार्ग आहेत. ते सर्व ओएसपीएफमध्ये ओतल्यास गुणधर्म तर हरवतातच, पण तो भारही अंतर्गत प्रोटोकॉलला पेलवत नाही.

आभासी खासगी जाळ्यांतील जतन

सेवापुरवठादाराच्या सामायिक जाळ्यावरून ग्राहकाच्या निरनिराळ्या शाखा जोडणाऱ्या एमपीएलएस आभासी खासगी जाळ्यांत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. ग्राहकाची प्रत्येक शाखा ओएसपीएफ चालविते, मधले जाळे बीजीपी चालविते. मार्ग ओएसपीएफमधून बीजीपीमध्ये व पुन्हा ओएसपीएफमध्ये जातो. साधे पुनर्वितरण केल्यास एका शाखेतील मार्ग दुसऱ्या शाखेत बाह्य म्हणून दिसेल. दोन शाखांना जोडणारा एखादा मंद पर्यायी दुवा ग्राहकाकडे असेल, तर ओएसपीएफ अंतर्गत मार्गास सदैव अग्रक्रम देत असल्याने सारी वाहतूक त्या मंद दुव्यावरूनच जाईल आणि घेतलेली सेवा निरुपयोगी ठरेल.

२००६ सालच्या आरएफसी ४५७७ ने यावर उपाय दिला. ओएसपीएफचा मार्ग बीजीपीमध्ये नेताना त्याचे गुणधर्म विस्तारित कम्युनिटीमध्ये लिहून ठेवले जातात: ओएसपीएफ क्षेत्रसमूहाची ओळख, मार्गाचा प्रकार व क्षेत्रक्रमांक. मेडमध्ये ओएसपीएफच्या अंतरात १ मिळवून येणारे मूल्य नोंदविले जाते. दुसऱ्या टोकाचा राउटर ही नोंद वाचतो. क्षेत्रसमूहाची ओळख जुळल्यास मार्ग आंतरक्षेत्रीय म्हणून, न जुळल्यास बाह्य म्हणून दाखल होतो. मार्गाने मध्ये बीजीपीतून प्रवास केला हे शाखेला जवळजवळ जाणवत नाही. पर्यायी दुवा क्षेत्रांतर्गत असेल तर तो आंतरक्षेत्रीय मार्गाहूनही वरचढ ठरतो. त्यासाठी सेवापुरवठादाराच्या दोन राउटरांमध्ये शॅम-लिंक नावाचा आभासी दुवा उभारला जातो.

मार्ग परत बीजीपीत शिरू नये म्हणून डीएन बिट हा निराळा संकेत वापरला जातो. बाह्य मार्गांसाठी आरएफसी १७४५ च्या रचनेवर आधारलेला टॅगही वापरता येतो. स्वायत्त प्रणाली क्रमांक १ असल्यास हा टॅग ३४८९६६०९२९ असा दिसतो. ही संख्या वरकरणी निरर्थक वाटते, परंतु तिचे पहिले ४ बिट म्हणजे स्वयंचलित, पूर्ण आणि लांबी एक, असे वरील रचनेतील वर्णनच होय.

ईआयजीआरपी चालविणाऱ्या ग्राहकांसाठी सिस्कोने मेट्रिकचे घटक विस्तारित कम्युनिटीमध्ये नेण्याची अशीच सोय केली आहे. ग्राहक स्वतः अंतर्गत बीजीपी चालवीत असेल तर २०११ सालच्या आरएफसी ६३६८ मधील ॲट्रिब्यूट-सेट उपयोगी पडतो. ग्राहकाचे सर्व पथगुणधर्म एका नव्या गुणधर्मात बंद करून पाठविले जातात, जणू एका लिफाफ्यात दुसरा लिफाफा. सेवापुरवठादार बाहेरील लिफाफ्यावरील गुणधर्मांनुसार निर्णय घेतो आणि दुसऱ्या टोकाला आतील लिफाफा जसाच्या तसा उघडला जातो.

एकाच संस्थेच्या अनेक स्वायत्त प्रणाली असल्यास त्यांतील अंतर्गत मेट्रिकची बेरीज पुढे नेण्यासाठी २०१४ सालच्या आरएफसी ७३११ ने एआयजीपी हा गुणधर्म निर्माण केला. त्यामुळे प्रणालींच्या सीमा ओलांडूनही एकूण सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडता येतो.

मर्यादा

कोणतीही पद्धत सर्व गुणधर्म जपत नाही. आरआयपीचा टॅग १६ बिटांचा असल्याने ६५५३५ पेक्षा मोठा टॅग त्यात मावत नाही. स्वायत्त प्रणालींचे क्रमांक आता ३२ बिटांचे असू शकतात, त्यामुळे आरएफसी १७४५ मधील १६ बिटांचा रकाना त्यांना अपुरा पडतो. जुन्या कम्युनिटीचीही हीच अडचण होती. ती २०१७ सालच्या आरएफसी ८०९२ मधील १२ बाइटांच्या लार्ज कम्युनिटीने दूर केली. सिस्कोच्या काही राउटरांत कम्युनिटी शेजाऱ्याला पाठविण्याची सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती विसरल्यास खुणा मूकपणे गळून पडतात.

टॅगची योजना मानवी शिस्तीवर अवलंबून असते. नवा सीमावर्ती राउटर जोडताना त्यावर गाळणी लावली नाही तर इतर सर्व राउटरांवरील योजना व्यर्थ ठरते. म्हणून पुनर्वितरणाच्या जागा शक्य तितक्या कमी ठेवणे, शक्य तेथे ते एकाच दिशेने करून उलट दिशेस केवळ मूलभूत मार्ग अर्थात डीफॉल्ट राउट देणे, कोणते पत्ते पलीकडे जाऊ शकतात त्यांची स्पष्ट यादी करणे आणि मार्गांच्या संख्येवर मर्यादा घालणे हे उपाय टॅगच्या जोडीने वापरले जातात.

हेही पहा

बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल
ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट
स्वायत्त प्रणाली
आभासी खासगी जाळे
राउटर